एक खाट, दोन पाळ्या

चुंचाळ्याच्या खोलीत खाट एकच होती.
दिगंबर आहेर रात्रपाळीला अंबडला निघाला
की मी तिच्यावर पडायचो,
आणि सकाळी तो यायच्या आत उठून
चादर झटकून ठेवायचो.
तरी तो म्हणायचा,
गादीला अजून तुझीच ऊब आहे.

लॅपटॉपही तसाच घेतला, निम्मे निम्मे घालून,
कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीतून, सेकंडहँड.
एका डिस्कचे दोन भाग केले,
त्याचं विंडोज, माझं लिनक्स.
चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची
आणि दहा सेकंद थांबायची,
दार उघडून विचारल्यासारखी:
आत्ता कोणाची पाळी?

तो आता चाकणला असतो.
मार्चच्या भाड्यातले सतराशे चाळीस
त्याच्याकडे राहिले ते राहिलेच,
आणि जाताना त्यावरून मी जे बोललो
ते बोलायला नको होतं, एवढंच.

गेल्या रविवारी कागदपत्रं न्यायला आला.
अर्धा तास त्याच्या बाजूला काम केलं,
बंद करून, वायर गुंडाळून ठेवून गेला.
चहा घेतला नाही.
तेव्हापासून माझ्या बाजूला वायफाय नाही.

राऊटर तीनदा बंद करून बघितला.
विमानाच्या चित्राची कळ दाबली, सोडली, दाबली.
ड्रायव्हर काढला, परत टाकला.
खालच्या मजल्यावरचा रूपेश फॅब्रिकेशनवाला म्हणाला,
कार्ड गेलं असेल, नवीन टाक,
नाहीतर त्याचा भागच पुसून टाक ना, जागा तरी होईल.
मी हो म्हणालो.
पुसायच्या खिडकीपर्यंत जाऊनही आलो.

रात्री एक वाजता, निफाडकडून येणारी थंडी
पत्र्याखालून पायापर्यंत आलेली,
मोबाईल वायरने जोडला, उरलेल्या नेटवर वाचत बसलो.
कार्ड दिसतंय. पण उठत नाही.
उठवलं की म्हणतं, मी अडकलोय.
आणि मग कळलं:
विंडोज बंद होतं म्हणतं, पण होत नाही.
उद्या लवकर उठता यावं म्हणून
नुसतं डोळे मिटून पडतं,
आणि मिटताना कार्ड मुठीत धरून ठेवतं.

मला हसूच आलं.
खाटेवर पाळी माझी,
आणि उशीवर हात त्याचा.

मूठ सोडवायची तर त्याच्या बाजूला जावं लागतं.
तिथे पासवर्ड.
मी फोन लावला. तो जागाच होता, मागे मशीनचा आवाज.
काम सांगितलं. तो गप्प.
मग म्हणाला, तुझं नाव टाक,
इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं.
आणि पुढे?
पुढे एक, सात, चार, शून्य.

भागवत, पुढे एक, सात, चार, शून्य.
मार्चपासून रोज, ड्युटीवरून आल्यावर,
एका बोटाने हेच टाईप करत होता तो.
मी कधी की-बोर्डकडे बघितलं नाही.

पॉवरच्या सेटिंगमध्ये खोल गेलो,
तिथल्या एका चौकोनातली खूण काढली.
शट डाऊन.
या वेळी त्याला वेळ लागला,
पंखा उगाच वाढला, मग खरोखर थांबला.
खोलीत फक्त शेजारच्यांच्या टाकीचं पाणी.

दहा सेकंद. माझी पाळी.
आणि कोपऱ्यात एकेक करून नावं उमटायला लागली:
गणेश किराणा, पवार टू पॉईंट फोर,
फुकट मिळणार नाही, आई_साहेब,
आणि सर्वात खाली, आमच्या खोलीचं,
त्यानेच ठेवलेलं, मी कधी न बदललेलं:
एक खाट.

त्याचा भाग मी पुसला नाही.
जागा तशीही फार लागत नाही मला.
दोन वाजता त्याचा मेसेज, चालू झालं का?
मी हो लिहिलं.
ते वायफायवरूनच गेलं.